झाकलेल्या मिरच्या

निवृत्त फौजदारांनी लाल ढोबळी मिरच्या गॅसच्या आचेवर काळ्याठिक्कर होईपर्यंत भाजल्या, गरमागरम पातेल्यात टाकल्या आणि वर घट्ट झाकण ठेवलं.

“आता कुणी मध्ये पडायचं नाही. कोंडून ठेवलं की घाम फुटतो, मग साल आपोआप सुटते.”

खुर्ची ओढून, हाताची घडी घालून ते पातेल्याकडे रोखून बघत बसले.

ताटं पुसणारा जावई एकदम म्हणाला, “बाबा, तुमच्या गाडीला पोचा मीच पाडला.”

फौजदार हलले नाहीत.

“मी नोकरी सोडलीये,” मुलगी पुटपुटली. “सकाळी डबा घेऊन बागेत जाऊन बसते.”

बायकोला तर हुंदकाच फुटला. “अहो, तुमची शिट्टी हरवली नाही. रोज पहाटे वाजवत बसायचात, म्हणून मीच गटारात टाकली!”

फौजदारांचे डोळे भरून आले.

“अख्ख्या नोकरीत माझ्यासमोर एकानेही गुन्हा कबूल केला नव्हता,” ते नाक ओढत म्हणाले. “उद्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवा. आणि मिरच्या जास्त आणा.”