थर्माकोलचा उजेड

शॉर्ट फिल्म मी एकटीच बनवते. मोबाईल स्टँडवर लावते, बटण दाबते आणि पळत जाऊन समोर बसते. पहिल्या तीन फिल्मच्या वेळी माझ्या चेहऱ्यावर उजेड पाडायला माझे वडील, अण्णा, थर्माकोल धरून उभे राहायचे. गुडघा दुखला की ते पाय बदलायचे, आणि माझ्या गालावरचा उजेड खाली घसरायचा. "अण्णा, हलू नका ना," म्हणून मी चिडायचे.

दिवाळीनंतर अण्णा गेले. चौथ्या फिल्मला मी थर्माकोल बजाजनगरच्या आमच्या गच्चीवर पाण्याच्या ड्रमला टेकवून ठेवला.

फिल्म दाखवायला गारखेड्यात साकिबभाईंकडं गेले. ते लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात आणि तोंडदेखलं कधी बोलत नाहीत.

"शेवट लांबलाय, काप," ते म्हणाले. "पण थर्माकोल लई जीव लावून धरलाय. तू मान वळवली की उजेडबी वळतो. कोण व्हतं?"

"कुणीच नाय."

त्यांनी फिल्म मागं नेली. माझ्या गालावरचा उजेड हळूच खाली घसरला आणि परत वर आला.

"हे बघ. पाय दुखतेत बिचाऱ्याचे. पुढच्या बारीला खुर्ची दे."

रविवारी सकाळी मी ड्रमशेजारी अण्णांची खुर्ची ठेवली. बटण दाबायच्या आधी हळूच "बसा" म्हणाले.

नंतर उठून बघितलं. थर्माकोल ड्रमला होता तसाच टेकलेला होता. मोबाईलवर माझ्या गालावरचा उजेड या वेळी एकदाही घसरला नाही.

फक्त तो आधीपेक्षा हातभर खालून येत होता.