वळणावरची पिशवी

वळण आलं तशी शिवणवालीने श्वास रोखला आणि सायकल जोरात हाणली. रोजचंच होतं ते. इथवरची वाट अशी की माणसाने नुसतं बघत राहावं. एका हाताला कांद्याची पात, दुसऱ्या हाताला नुकतं नांगरलेलं काळं रान, मध्ये पाटाच्या पाण्याचा गारवा. उताराला पेडलवरचे पाय उचलून घेतले की चाळिशी उलटलेल्या बाईलाही शाळा बुडवल्याचा आनंद होतो. दिवसभर मशीनवर वाकणाऱ्या पाठीला तेवढंच सुख. आणि मग हे वळण! कुठून कुठून आणून टाकलेल्या पिशव्या, फुटलेल्या, त्यांतून लोंबणारी सडकी सालं, केसांचे पुंजके, कोंबडीची आतडी, आणि सगळ्यावर घोंघावणाऱ्या माश्या. शी! तोंड उघडलं तर माशी आत जायची, म्हणून शिवीसुद्धा ओठ मिटून द्यावी लागे.

घरी गेल्यावर मात्र ती तोंड भरून द्यायची. "माणसं आहेत का कोण आहेत? स्वतःच्या दारात टाकतील का असं?" नवरा आरशासमोर गालाला फेस लावता लावता म्हणायचा, "लोकांना लाजच उरली नाही बघ." मग तिने बांधून दिलेली कचऱ्याची पिशवी स्कूटरवर पायाशी ठेवून कामाला जायचा. जाता जाता कुंडीत टाकतो म्हणायचा. त्याच्या कामाचा रस्ताही हाच.

आज श्वास रोखून भागलं नाही. वळणावर काकू रस्त्यातच गुडघे टेकून बसल्या होत्या. काकूंचं शेत वळणाला लागूनच. रोज त्यांच्या हौदावर सायकल टेकवून शिवणवाली तोंड धुवायची, ओंजळभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "काकू, काय मस्त हवा आहे हो तुमच्याकडे!" आज काकूंच्या मांडीवर वासराचं डोकं होतं. डोळे फिरलेले, तोंडाला फेस, आणि एक प्लास्टिकची पिशवी निम्मी घशात, निम्मी बाहेर.

"टेलरबाई, धावा! धरा याला!" काकू ओरडल्या. "पिशवी बांधलेली पट्टी जिभेला गुंडाळलीय मेली. ओढावी तर आणखीच आवळते. विळा घालू तर जीभ कापली जाईल हो याची!"

सायकल तशीच आडवी टाकून ती खाली बसली. गुडघ्याखाली काहीतरी पचकन फुटलं. काय ते तिने बघितलं नाही.

"ज्याने ही पिशवी टाकली ना," काकूंना धाप लागली होती, "त्याच्याच घशात कोंबायला पाहिजे."

"कोंबायलाच पाहिजे मेल्याच्या," ती म्हणाली आणि वासराच्या तोंडात हात घातला. ऊन लाळ, सडका वास. बोटांनी पट्टी चाचपली, गाठ चाचपली, आणि तिचा हात तिथेच थबकला.

निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी. शाळेचे गणवेश शिवले त्याचं कातरण. आणि गाठ? बेतलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधायला ती मारते तीच. ओढाल तेवढी आवळते. आखूड टोक आतल्या बाजूला दडवलेलं असतं, ते खेचलं तरच सुटते. तिच्याशिवाय कुणाला ते टोक सापडतसुद्धा नाही, याचं केवढं कौतुक होतं तिला!

जमत नाही म्हणता आलं असतं. हात बाहेर काढून दुसऱ्या कुणाला हाक मारता आली असती. वासराने एक लाथ झाडली, दुसरी झाडताना पाय लटपटला.

तिने टोक खेचलं. गाठ सुटली. मग हळूहळू, लाळेत लडबडलेली सगळी पिशवी बाहेर आली. तिच्यातून सालं पडली, दोऱ्यांची गुंतवळ पडली, शेवटी दाढीच्या क्रीमची चेपलेली ट्यूब पडली. इतके दिवस परक्याची घाण म्हणून नाक मुरडलं, आणि आपली निघाली तरी वास तोच.

वासरू खोकलं, फुरफुरलं, धडपडत उभं राहिलं.

"बाई बाई बाई!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवासारख्या आलात हो! मी दातांनी ओढली, सुटेना. तुम्ही कशी सोडवलीत?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांचं लक्ष आडव्या पडलेल्या सायकलकडे गेलं. कॅरिअरवर गिऱ्हाइकाच्या कपड्यांचा गठ्ठा होता. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या पट्टीने बांधलेला. काकूंनी गठ्ठ्याची गाठ बघितली, तिच्या हातातली पट्टी बघितली.

"माझीच आहे काकू," ती म्हणाली. "नवरा कुंडीत टाकतो म्हणायचा. कुठल्या कुंडीत, ते मी कधी विचारलंच नाही."

काकू उठल्या. वासराला कानाला धरून हौदाकडे घेऊन गेल्या. कोपरापर्यंत बरबटलेले हात अंगापासून लांब धरून तीही मागोमाग गेली, रोजच्यासारखी, पाणी मागायलाही नको अशा सवयीने.

काकू तिच्या आणि हौदाच्या मध्ये उभ्या राहिल्या. ओंजळीने वासराचं तोंड धुतलं, जीभ धुतली, त्याला पोटभर पाजलं. मग तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुम्ही हात घरी जाऊन धुवा, टेलरबाई."