जांभळा शिक्का

तिसऱ्या मजल्यावरच्या एचआयव्ही कक्षात तावडे सिस्टरांनी केसपेपर टेबलावर आपटला.

"याही महिन्यात साखर तपासली नाहीस? माझ्याकडच्या गोळ्या वेळेवर नेतेस, मग खाली जाऊन थेंबभर रक्त द्यायला काय होतं? पायाची जखम चिघळलीय, द्वारके! किती घसा फोडू?"

वीटभट्टीवरून आलेली द्वारका पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, खालच्या खिडकीवर माझी चुलतजाऊ असते."

"असू दे की! खाणार आहे का ती तुला?"

द्वारकानं केसपेपरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कक्षाच्या नावाचा जांभळा शिक्का होता. तो दाखवला की खाली रांगेत उभं राहावं लागत नाही, म्हणून सिस्टर सहा वर्षं प्रत्येक कागदावर तो चांगला दाबून मारत आल्या होत्या.

सिस्टर त्या शिक्क्याकडे बघतच राहिल्या. मग ताडकन उठल्या, तरातरा तळमजल्यावर गेल्या आणि साखरेच्या खोलीतल्या कपाटात नुसतं पडून असलेलं जादा मशीन घेऊन निघाल्या.

"अहो सिस्टर, ते वर नेता येणार नाही!" तिथले डॉक्टर ओरडले. "त्याला साहेबांची सही लागते, शिक्का लागतो!"

"सहा वर्षं शिक्केच मारतेय मी!" सिस्टर जिन्यातूनच खेकसल्या.

वर येऊन त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बस. आण ते बोट इकडे."