पाक वागियोंची साखर

"एकशे अठ्ठावीस!"

बू एन्दांगनी रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा निवडणुकीचा निकाल सांगावा तसा सांगितला. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाक वागियोंनी टोचलेलं बोट चोखलं आणि मान खाली घातली. आमच्या जावात याला विनय म्हणतात, आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पाक, बाईला बू.

बू एन्दांग गावप्रमुखाच्या पत्नी. अव्होकाडोच्या बिया किसून वाळवायच्या, भाजून कुटायच्या आणि त्यांचा काढा रोज सकाळी ग्लासभर प्यायचा, की रक्तातली साखर उतरते, हे त्यांना फोनवर कळलं होतं. फोनवर कळलेलं त्या मनात ठेवत नसत. तीन महिन्यांत गावातली एकही बी कचऱ्यात गेली नव्हती. साखर मात्र एकाचीच उतरली होती, पाक वागियोंची.

ते काढा पीत होते, कारण गावप्रमुखाच्या पत्नीने पुढे केलेला ग्लास आमच्याकडे कोणी परत करत नाही. घरी गेल्यावर ते डॉक्टरांच्या गोळ्याही घेत होते, एकही न चुकवता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बू एन्दांगना वाईट वाटलं असतं.

"आता तुम्हीच सांगा सगळ्यांना, कसं वाटतंय?"

"हलकं वाटतं, बू."

"मास, मलासुद्धा!" दादाला हाक मारत वागियोंची धाकटी बहीण तुमिरा लंगडत पुढे आली. "तुझा आकडा बघून मीपण धीर केला. इन्सुलिनची इंजेक्शनं बंद! सोमवारपासून. उरलेली सगळी विहिरीमागे पुरून टाकली."

वागियोंनी तिच्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याला फडकं बांधलं होतं.

"आणि ही जखम?"

"ती ना? आधी किती ठणकायची! आता सुई टोचली तरी कळत नाही."

"बघा!" बू एन्दांग सगळ्यांकडे वळल्या. "दुखणंसुद्धा ओढून घेतं."

फडक्यावर माशी बसली. मग दुसरी. तुमिराने हाकलल्या नाहीत. तिला त्या कळल्याच नाहीत. जवळच्या बाईने पदराने नाक पुसल्यासारखं केलं आणि पदर तिथेच धरून ठेवला.

"बू," वागियो म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"सांगा ना, पाक."

तालुक्याहून आलेल्या साहेबांनी फोटोसाठी फोन वर धरला. बू एन्दांग हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत राहिल्या. त्यांच्या मागे भिंतीवर वागियोंचाच फोटो चिकटवलेला होता, खाली तीन महिन्यांचे आकडे.

"आज... आज जरा जास्त कडू झालाय का?"

"कडू नसेल तर औषध कसलं!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे मोकळेपणाने हसले. साहेबही.

ग्लास आले. तुमिराने आपला दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावला नाही.

"मास, तू आधी. तुला बघितलं की माझ्या घशाखाली उतरतो."

वागियोंनी बहिणीकडे पाहिलं. मग बू एन्दांगकडे. मग एका दमात ग्लास रिकामा केला.

तुमिराने डोळे मिटले आणि तिनेही संपवला. ओठ पुसत तिने ग्लास पुन्हा पुढे केला.

"बू, अजून थोडा मिळेल?"