मागचं वल्हं

"वल्हं वाकडं पडतंय! फिटर ना तू? सरळ रेघ म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

प्रतापराव पुढं बसून ओरडत होते. मागं चंद्रकांत निमूट वल्हवत होता. होडी एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना विकलेली. कापडी, दोघांपुरती, भलतीच अरुंद. बसल्यावर मागं वळलं की उलटते, असं साहेब सांगून गेलेला. त्यामुळे प्रतापराव शिव्यासुद्धा पुढं बघूनच द्यायचे.

नंदीच्या डोंगराखालचं तळं इतकं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. पण बघतंय कोण! चंद्रकांत निपाणीचा, बेंगळुरात एका कारखान्यात कामाला. त्याला सोयरा हवी होती, सोयराला तो. अडलं होतं ते तिच्या आप्पांच्या, म्हणजे प्रतापरावांच्या होकारावर, आणि आप्पांना जगात स्वतःखेरीज कुणी पसंत पडलं असेल तर शपथ!

"आमची सोयरा दोन दिवसांत शिकली होती हे. मोठी झाली म्हणून बंद केलं मी. आणि तू? चांगला बाप्या ना?"

"होय," चंद्रकांत म्हणाला.

पलीकडच्या काठावर सोयराची आई कस्तुराबाई आणि सोयरा मोटारीनं जेवण घेऊन आल्या होत्या. चिंचेचा पुळियोगरे भात झाला, चिरोटे झाले. प्रतापराव हात धुऊन म्हणाले, "चंद्रकांत, पत्रावळी उचल. माझीसुद्धा."

होणाऱ्या जावयाला उष्टी काढायला लावायची! सोयराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंद्रकांतनं सगळ्या उचलल्या. प्रतापराव झाडाखाली घोरू लागले. असल्यांना झोपही लगेच लागते.

उठले तेव्हा ऊन कललं होतं. कस्तुराबाईंनी होडी धरून ठेवली होती. ते पुढं बसले. मागून होडी किंचित डुलली.

"बसलास? चल."

होडी सरळ निघाली, जराही न डगमगता.

"बघ! चार शब्द ऐकले की माणूस सुधारतो."

मागून उत्तर नाही.

"राग आला? येऊ दे."

अर्धं तळं मागं पडलं. प्रतापरावांचा आवाज उतरला.

"अरे, उष्टी मुद्दाम काढायला लावली. आमच्यात जावयाला असंच पारखतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अंबूअक्काच्या नवऱ्यानं पत्रावळ भिरकावली होती, पुढं अक्कालाही टाकलं. तू तोंड वाकडं केलं नाहीस. पटलास मला. सोयरा तुझी. सरी? ठीक ना?"

वल्हं थांबलं.

"आप्पा," मागून सोयरा म्हणाली, "तुम्ही झोपलात आणि ते बसनं निघून गेले. असलं सासर नको म्हणाले."