मधल्या तुकड्याचा आकडा

पवनचक्क्यांच्या पठारावरच्या दवाखान्यात गेंदा शेळके दोन्ही हात उशीवर ठेवून बसली होती. मनगटं तिसऱ्यांदा मोडली होती. पंख बांधून दुरुस्तीसाठी पात्यांपर्यंत उडता यावं म्हणून कंपनीनं तिच्यासारख्या चाळीस जणींची हाडं पोखरून हलकी केली होती. किती पोखरायची, तो आकडा तिच्यासमोर उभ्या असलेल्या जीवाश्मतज्ज्ञ डॉ. वैजयंती आपटे यांचा. नामशेष झालेल्या उडत्या सरड्यांच्या पंखांच्या हाडांतली पोकळी त्यांनी मोजली होती.

"सगळ्यांची मनगटापाशीच मोडतात, बाई," गेंदा म्हणाली. "त्या सरड्यांची मोडत नव्हती?"

आपटेबाईंनी तिचा एक्स-रे उजेडात धरला. हाड टोकापर्यंत पोकळ होतं. बाईंना मिळालेल्या सरड्याच्या जीवाश्माला टोकंच नव्हती. त्यांनी मधला तुकडा मोजला आणि आकडा अख्ख्या हाडाचा म्हणून लिहिला. सगळेच संशोधक तसं करायचे.

"सांध्यापाशी त्यांचं हाड भरीव असणार," त्या म्हणाल्या. "मी तिथं मोजलंच नाही."

"माझ्या धाकट्या बहिणीला सकाळीच हाडं पोखरायला आत नेलंय. तिचं तरी थांबवा."

बाईंनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला.

"मनगटं झाली, मॅडम," पलीकडून सर्जन म्हणाला. "आता खांदे घेतोय."