मधाच्या रंगाची फ्रेम

"भुवया फ्रेमच्या वर दिसल्या पाहिजेत," चष्मेवाली म्हणाली. "त्या झाकल्या की माणूस रागावलाय का हसतोय, तेच कळत नाही."

आरशासमोरच्या शिक्षिकेने भुवया उंचावून पाहिल्या. तिला पटलं. सध्या मोठ्या, पारदर्शक, किंचित चौकोनी फ्रेमची चलती होती आणि शिक्षिकेचा चेहरा होता वाटोळा, म्हणजे सगळं जुळूनच आलं होतं. वाटोळ्या चेहऱ्याला कोन आणि चौकोनी चेहऱ्याला गोलाई. जन्माने जे दिलं नाही ते फ्रेमने द्यायचं, असं चष्मेवाली प्रत्येकाला सांगायची. दुकान निम्मं त्या वाक्यावर चालायचं.

काचा बसवून झाल्यावर तिने चष्मा शिक्षिकेच्या नाकावर चढवला आणि वाकून पाहिलं. दोन्ही काचांवर पिवळ्या शाईची एकेक फुली होती. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून बघायचं, तर ती फुली बरोबर बुबुळासमोर यावी लागते. आली होती. मग तिने स्पिरिटच्या बोळ्याने फुल्या पुसून टाकल्या.

"हे काय होतं?" शिक्षिकेने विचारलं.

"कारखान्यातली खूण. आधी तपासायचं, मग पुसायचं. तशीच राहिली तर जगावर फुली मारल्यासारखं दिसेल तुम्हाला."

शिक्षिका हसली. चष्मेवालीला पूर्वी या विनोदावर स्वतःलाही हसू यायचं. हल्ली यायचं नाही.

आईचा चष्मा तिने तपासला नव्हता.

खरं तर आईला नवा चष्मा नकोच होता. कितीतरी वर्षं ती तीच बारीक धातूची फ्रेम वापरत होती. "हेडबाई दिसतेस," म्हणत लेकीनेच तिच्या गळ्यात हा चष्मा मारला होता. मधाच्या रंगाची जाड फ्रेम, टोकं जराशी वर गेलेली. चष्मा तयार झाला त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आई बराच वेळ बाकावर बसून राहिली. शेवटी लेकीने डबी तिच्या हातात कोंबली.

"घरी घालून बघ. मी संध्याकाळी येते."

संध्याकाळी ती गेली नाही. नंतरही गेली नाही. आईचं घर दोन रस्ते ओलांडले की होतं.

आणि मग आई जिन्यावरून पडली. उजवा हात मोडला.

"एकेका पायरीच्या दोन-दोन दिसल्या," ती दवाखान्यात म्हणाली. "नव्या चष्म्याची सवय नव्हती ना. तुझा काही दोष नाही हं यात."

ते शेवटचं वाक्य लेकीच्या जिव्हारी लागलं. फुली सरकली असणार, हे तिला तिथल्या तिथे कळलं. तपासायला किती वेळ लागला असता? पण हे तिने कुणालाच सांगितलं नाही, आईला तर नाहीच.

तेव्हापासून ती रोज दुकान लवकर बंद करून आईकडे जाऊ लागली. भाजी चिरायची, आईचे केस विंचरून द्यायची, शंभरदा ऐकलेल्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवून ऐकायची. आईने एकदा चांगलं फैलावर घेतलं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. पण आई दिवसेंदिवस खुलतच चालली होती. त्यामुळे लेकीला आणखीच खजील वाटायचं.

नवा चष्मा मात्र आई दाखवायची नाही. "दे, काचा बदलून आणते," म्हटलं की, "नको बाई, तो आता नजरेसमोरही नको," म्हणायची आणि जुनाच चष्मा नाकावर चढवायची. त्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती.

"याला काय झालं?" लेकीने एकदा विचारलं होतं.

"म्हातारा झाला. माझ्यासारखाच."

शिक्षिका गेल्यावर चष्मेवालीने दुकानाला कुलूप लावलं. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून ती निघाली.

आई खिडकीपाशी बसली होती.

"परवा प्लास्टर काढणारेत म्हणे," ती म्हणाली. "सुटलीस तू. दुकानाचे हाल झाले असतील माझ्यापायी."

"आई, मला तुला एक सांगायचंय. त्या चष्म्याबद्दल."

"आधी माझी गोळी दे. कपाटाच्या वरच्या खणात आहे."

वरच्या खणात गोळ्या पटकन दिसल्या नाहीत, म्हणून लेकीने खालचा खण ओढला.

"वरच्या म्हटलं मी," आई म्हणाली.

खाली हातरुमालांच्या घडीखाली चष्म्याची डबी होती. लेकीने आईकडे पाठ करून ती उघडली. मधाच्या रंगाच्या फ्रेमवर ओरखडाही नव्हता. तिने चष्मा उजेडात धरला. दोन्ही काचांवर पिवळ्या फुल्या होत्या, कारखान्यातून आल्या तशाच. पुसायच्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यावरून कुणाचं बोटसुद्धा फिरलं नव्हतं.

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. तिने वळून आईच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं, त्याच्या मोडक्या काडीकडे पाहिलं.

"सापडली का गं?" आईने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि काय सांगणार होतीस?"

लेकीने डबी मिटून रुमालांखाली होती तशी ठेवली. वरच्या खणातून गोळी शोधली, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही आईच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"त्या काचा माझ्याच हातून चुकल्या होत्या," ती म्हणाली. "नव्या करते. पण सवय व्हायला फार दिवस लागतात, आई. प्लास्टर निघालं तरी मला रोज यावंच लागेल."